मिठाची पुरचुंडी

तव्यावर जाडं मीठ तडतडलं की त्याचा कोरडा, खारट वास थेट नाकात जातो. आज लेकीची पाळी आली, पोट दुखायला लागलं, म्हणून शेकायला मीठ भाजत होते आणि शिरोड्याची आमची पडवी आठवली.

माझ्या कळा सुरू झाल्या होत्या. दवाखान्यात न्यायला रिक्षा यायची होती. सासूबाई अशीच गरम पुरचुंडी माझ्या कमरेवर दाबत होत्या. शेकता शेकता दुखणं निवलं आणि पुढची कळ आलीच नाही. कळा मध्येच विसावतात, हे आज ठाऊक आहे. तेव्हा नव्हतं; मी त्यांच्या हातातली पुरचुंडी ओढून भिरकावून दिली. पडवीभर मीठ सांडलं.

"दुखणा थांबला! पोर खंय गेला माजा?"

"थंयच आसा गो बाय," सासूबाई म्हणाल्या; पण त्यांचा हात माझ्या पोटावर पोर चाचपत होता. तो हात पाहून मी जास्तच घाबरले. मग कंबर मोडणारी कळ आली आणि आम्ही दोघी एकदम ओरडलो, "इली!"

तेव्हा पोटात होती ती लेक आज पुरचुंडी धरून पडली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, थांबला गो दुखणा."

बरं झालं, म्हणायचं होतं मला. पण माझा हात आधीच तिच्या पोटावर गेला होता, चाचपत.