पिनबॉलचा उतार

बंद पडलेल्या क्लबातून ह्यांनी गोळी उडवून खेळायचं जुनं पिनबॉलचं यंत्र घरी आणलं, तेव्हा मी कपाळाला हात लावला. पण हार्ट अटॅकनंतर गप्प गप्प झालेले हे त्याच्यात रमले. वायरी जोडल्या, गंजलेल्या स्प्रिंगा बदलल्या, काच लख्ख पुसली. जन्मभर कारखान्यात यंत्रं बसवलेला माणूस! शेवटी वर सपाटी तपासायची लेव्हल ठेवून त्यांनी चारही पाय असे जुळवले की तिच्यातला बुडबुडा अगदी मधोमध आला.

दिवे लागले. ह्यांनी दांडा ओढून सोडला. स्टीलची गोळी वर गेली, घंटी वाजली आणि गोळी मधेच थांबली. खाली येईचना.

"अहो, उतार नको का?" मी म्हटलं.

ओशाळून हसत त्यांनी मागच्या पायांखाली लाकडाचे तुकडे सरकवले.

मी मात्र तिथेच अडकले. अटॅकनंतर घरातलं सगळंच आम्ही असं सपाट करून टाकलं होतं. बोलण्यात वाद नाही, जिना चढणं नाही, मॅच लागली की टीव्ही बंद. गोळी खाली येणारच, हे ठाऊक असूनही तिला पुन्हा वर उडवायचं, एवढाच तर खेळ. आम्ही तिला पडू द्यायचं नाही म्हणून खेळच थांबवला होता.

आज संध्याकाळी मी पोळ्या लाटत असताना हे बाहेरच्या खोलीत यंत्रापाशी ओरडले, "अगं, गेली गं! थोडक्यात गेली!"

किती दिवसांनी ह्यांचा आवाज चढला होता. मी गॅस बारीक केला, पिठाचे हात पुसत बाहेर आले.

"आज मॅच आहे ना?" मी म्हटलं. "लावा."