काकीची डावी किडनी

"दोन्ही जागेवर हायत का, ते इचारून घेजो." माझ्या सोनोग्राफी सेंटरच्या दारात उकडलेले शिंगाडे विकणारी काकी प्रत्येक पेशंटला हे बजावायची. पोट तपासायचं तर पाणी पिऊन थांबावं लागतं. तेवढा वेळ बाकड्यावरची माणसं काकीच्या तावडीत. त्यामुळे आत आलेल्याला आधी किडन्यांची हमी द्यायची आणि मग पित्ताशयाकडे वळायचं, असा माझा क्रम ठरून गेला होता.

मी एकदा रागावले. "काकी, माझ्या पेशंटांना कशाला घाबरवता?"

"घाबरवून नाही राहिली जी म्याडम. माही डावी खाली हाय, म्हणून सांगून राहिली."

ते खरं होतं. काकीची डावी किडनी जन्मापासून बेंबीखाली, ओटीपोटात होती. तरुणपणी कुठल्याशा दवाखान्यात ती गाठ समजून पोट उघडलं गेलं. आत पाहिल्यावर डॉक्टर चमकले आणि तसंच शिवून टाकलं. घरी आल्यावर काकी थेट जत्रेतल्या गोंदणाऱ्या बाईकडे गेली आणि त्या जागेभोवती सात ठिपक्यांचं कडं गोंदवून घेतलं. "आता कोनी बी सुरी घेऊन आला तं त्याले समजन," असं तिचं म्हणणं.

तुम्हाला हसू येईल. मलाही आलं होतं, आणि तिच्यासमोरच आलं, याची आता लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी कंबर दुखते म्हणाली म्हणून मी तिला आत घेतलं. पोटातली मुख्य रक्तवाहिनी, महाधमनी, फुगलेली दिसली. असा फुगा फुटला तर माणूस हाती लागत नाही. ऑपरेशन करायचं तर त्या वाहिनीला चिमटा लावून खालचा रक्तपुरवठा थांबवावा लागतो. इतरांच्या किडन्या वर असतात, त्या सुटतात. काकीच्या डावीला रक्त मिळत होतं ते फुग्याच्या खालच्या टोकापासून. उजवी लहानपणापासून खुरटलेली, नावापुरती. म्हणजे डावी गेली तर जन्मभर डायलिसिस.

मी तिच्यासोबत नागपूरला गेले. सर्जन तरुण होते. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. काकीनं चित्राकडे पाहिलंही नाही.

"फुगा काढा जी. पन किडनीले उपाशी ठेवू नका."

चिमटा असेपर्यंत किडनीत थंड औषध सोडू, मग तिची रक्तवाहिनी फुग्याच्या जागी बसवलेल्या नव्या नळीला जोडू, असं ते म्हणाले.

"किती वेळ?"

"अर्धा तास तरी."

"तेवढं तं मी बी उपाशी रायतो," काकी म्हणाली आणि चपला शोधू लागली.

ऑपरेशन झाल्यावर सर्जनचा फोन आला. ठिपके पाहून भूल देणारे डॉक्टर हसले, पण आपण छेद मात्र ते कडं चुकवूनच घेतला, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पवनीहून आईजवळ आलेल्या तिच्या मुलीचा दवाखान्यातून फोन आला. "म्याडम, आईले लघवी झाली."

म्हणजे किडनी जगली होती. मी बाहेर जाऊन बाकड्यावर ही बातमी सांगितली. ओळखीचे दोघं-तिघं हसले. बाकीच्यांना या डॉक्टरबाईंना काय झालंय ते कळेना. इतका आनंद मला माझ्या एमडीच्या निकालाचाही झाला नव्हता.

नवव्या दिवशी काकीच्या छातीत कफ भरला. अकराव्या दिवशी ती गेली.

तेरवी झाल्यावर मुलगी फाइल घेऊन आली. "किडनीचं पाहा न, म्याडम." काकी गेली त्याच्या आदल्या दिवशीचा रक्ताचा रिपोर्ट सगळ्यात वर होता. मी तो दोनदा वाचला.

"चांगली होती?"

"चांगली होती. शेवटपर्यंत."

तिनं तो कागद पुन्हा फाइलीत लावला. मग हळूच म्हणाली, "मंग आता हे कोनाले सांगू?"