भुयार आणि वरचा एक रुपया

आमच्या घरात सगळ्यात भित्रं कोण, यावर कधी वाद झाला नाही. मी बँकेत लागलो, त्याचंही कारण आमची ही असं सांगते, की त्या काळी काउंटरला जाळी असायची. मी ते कधी नाकारलं नाही.

अशा माणसाच्या मुलीनं भुयाराचा गेम करावा, हे देवासच्या आमच्या तीन खोल्यांत कुणाला सुचलं नसतं. गेम साधा. हातात एक दिवा घेऊन अंधारात उतरायचं, खोल्या धुंडाळायच्या, आडवं येईल त्याच्याशी लढायचं, आणि तेल संपायच्या आत खालचा जिना गाठायचा. ही कल्पना तिला धारला मिळाली. किल्ल्यातून निघालेलं भुयार थेट मांडूला उघडतं, असं धारला प्रत्येकाला कुणीतरी सांगितलेलं असतं आणि कुणीच ते पाहिलेलं नसतं. माझी मोठी बहीण, म्हणजे तिची आत्या, धारला राहते. दर उन्हाळ्यात तिनं ते भुयार भाचीच्या डोक्यात थोडं थोडं खणलं.

मी तो गेम खेळून पाहिला. पहिल्याच मजल्यावर मरतो.

"बाबा, तुम्ही उतरतच नाही. पायरीवर खडे राहता नुसते."

"दिव्यात तेल किती आहे ते बघतोय."

"तोवर जळतंय ना ते!"

गेम छोटा, तिनं एकटीनं मागच्या खोलीत बसून केलेला. पण कुठकुठल्या देशांतल्या लोकांनी तो खेळला. शेवटी एक बंद दार होतं आणि तिथंच पहिला भाग संपत होता. दारामागे काय आहे, असं विचारणारी पत्रं यायला लागली, तेव्हा तिनं इंदूरची नोकरी सोडली आणि दुसऱ्या भागासाठी इंटरनेटवर लोकवर्गणी मागायचं ठरवलं. रीत अशी, की लोकांनी आधी नुसता आकडा बोलून ठेवायचा. ठरलेल्या मुदतीत ठरलेली रक्कम भरली, तरच सगळ्यांच्या खात्यातून पैसे कापले जाणार. एक रुपया जरी कमी पडला तरी कुणाचंच काही कापायचं नाही आणि तिला काहीच मिळायचं नाही.

"म्हणजे गणपतीची वर्गणी कमी पडली तर मूर्तीच आणायची नाही?" मी विचारलं.

"हो."

त्या "हो"नंतर माझी झोप गेली. तिची गेली असावी असं मला तेव्हा वाटलं नाही. ती शांत दिसायची. भीती हे घरातलं माझं खातं आहे, असा माझा समज होता.

परदेशातले लोक सुरुवातीला भराभर आकडे बोलले, मग सगळं थंडावलं. तेव्हा ताईनं सूत्रं हातात घेतली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं भाचीला धारला बोलावलं आणि आलेल्या समस्त बायकांना, म्हणजे आपल्या भजनी मंडळाला, सांगितलं, की यंदा माझ्याकडून वाण मिळेल, पण तुम्हीही आमच्या पोरीला काहीतरी द्यायचं. मोबदला ऐकून बायका खूश झाल्या. वर्गणी देणाऱ्याचं नाव भुयाराच्या भिंतीवर कोरलं जाणार होतं. देवळातल्या फरशीवर नाव घालायला किती खर्च येतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"माझ्या सासूबाईंचं घाल गं," एक जण म्हणाली. "मागे कै. लावून."

"तिथं राक्षस असतात, काकू."

"असू देत. त्यांना सवय आहे."

मुलीनं एकेकीच्या शेजारी बसून, जिच्या तिच्या फोनवरून, आकडे बोलवून घेतले. अडीचशे एक. पाचशे एक. एकीनं अकराशे एक. शून्यावर थांबलेला आकडा आमच्याकडे कुणी शुभकार्याला देत नाही. वरचा रुपया हवाच.

त्या रुपयानंच घात केला. दोन दिवसांनी वर्गणी गोळा करून देणाऱ्या कंपनीचा मेल आला. मुलीनं तो मोठ्यानं वाचला आणि मग आम्हाला समजेल असा सांगितला. एका गावातून, एका संध्याकाळी, इतक्या रकमा, आणि सगळ्यांच्या शेवटी एकच आकडा. "इनको लग रहा है कोई मशीन डाल रही है," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता.

"मशीन कशाला वरचा रुपया देईल?" आमची ही म्हणाली. "एवढी रीत मशीनला कुठली."

हे कंपनीला कळवून पाहिलं. उत्तर आलं, की प्रत्येक देणारीला फोनवर एक लिंक पाठवली आहे. ती उघडून 'मीच दिले' असं तिनं स्वतः सांगावं. तोवर वर्गणीचं पान बंद. मुदत मात्र चालूच राहणार.

'लिंक' या शब्दावर मी अडलो, आणि त्याचं कारण घरात फक्त मला माहीत होतं. मागे ताईच्या भजनी मंडळातल्या एकीला वीज कापण्याची धमकी देणारा फोन आला होता आणि तिचं खातं रिकामं झालं होतं. तेव्हा मंडळानं मला, बँकेतला माणूस म्हणून, व्याख्यानाला बोलावलं. आयुष्यात एकदाच लोकांनी माझं मन लावून ऐकलं. मी म्हणालो होतो, "अनोळखी लिंक दिसली, की विंचू दिसल्यासारखं मागे सरायचं." टाळ्या पडल्या होत्या.

मी ताईला फोन लावला.

"आला होता बरं का तो मेसेज," ती अभिमानानं म्हणाली. "मी लागलीच सगळ्यांना फोन केले. कुणी हात लावायचा नाही म्हटलं. केलं ना शहाणपण?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून मुलीबरोबर धारला निघालो. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. माझ्या डोक्यात एकच चित्र: नोकरी नाही, गेम नाही, मागच्या खोलीचं दार लावलेलं, आणि बाहेर ताट घेऊन उभी असलेली तिची आई. मी तिला शेंगदाणे दिले. तिनं ते मुठीत तसेच धरून ठेवले, थेट इंदूरपर्यंत.

ताईच्या बैठकीत दुपारी बायका जमल्या. मी घसा साफ करून सुरुवात केली, की ही लिंक वेगळी आहे.

"तो चोरही हेच म्हणाला होता," जिचं खातं रिकामं झालं होतं ती बाई म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. "बोलायलाही तुमच्यासारखाच होता. सभ्य."

ताई माझ्याकडे बघत म्हणाली, "अरे, विंचू तूच सांगितलास. आता म्हणतोस, हा चावत नाही."

मी मुलीकडे पाहिलं. वाटलं, आता ही समजावेल, पटवेल, तिला बोलता येतं. ती म्हणाली, "डर लागत असेल तर नका करू. खरंच. मला पण लागतो. मी तीन दिवस झाले ते पान खोललं नाही."

एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं.

ताईनं पदर खोचला आणि चष्मा मागितला. मला म्हणाली, "तू तिकडे लांब बस. तुझं ऐकून मी दाबणार नाही आणि तुझं ऐकून थांबणारही नाही." मग भाचीला: "हा निरोप तुझ्याच लोकांचा, हे मी कशावरून समजायचं?"

मुलीनं दाखवलं. हळदीकुंकवाच्या संध्याकाळी प्रत्येकीला एक लांबलचक पावती नंबर आला होता, तोच निरोपात असायला हवा. मग ताई एका फोनवरून अंक वाचू लागली आणि शेजारीण दुसऱ्यावर ताडून बघू लागली, तंबोल्यात बघतात तसं. "सात." "आहे." "दोन." "आहे." मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून घाम पुसत होतो. एखादा आकडा चुकला असता, तर मी स्वतःच ओरडून थांबवलं असतं, मुलगी समोर असूनसुद्धा.

सगळे जुळले. ताईनं देवघराकडे एकदा बघितलं आणि बोट टेकवलं.

"झालं? एवढंच?"

"एवढंच, आत्या."

मग बाकीच्यांचे फोन पर्समधून निघाले. जिचं खातं रिकामं झालं होतं तिनं सगळ्यांत शेवटी काढला. तिनं ताईला आपले अंक दोनदा वाचायला लावले.

पान पुन्हा सुरू झालं, पण हातात थोडेच दिवस उरले होते. मी ते उघडत नव्हतो, मुलगी उघडत नव्हती, आणि आमची ही म्हणायची, "कुणीतरी बघा रे," पण तीही बघत नव्हती. मुदत संपायच्या दिवशी सकाळी मी दाढी करत असताना फोन वाजला. ताई होती, आवाज अगदी बारीक.

"अरे, गेले. माझे पाचशे एक गेले. आत्ता बँकेचा मेसेज आला. शेजारणीचेही गेले. भजनातल्या सगळ्यांचे गेले रे. मी काय करून बसले?"

अर्ध्या गालावर साबण, आणि मी तिथंच मोरीच्या काठावर बसलो.

"ताई," मी म्हणालो, "ते जायलाच हवे होते."

मागच्या खोलीत जाऊन मी मुलीला सांगितलं, की धारच्या सगळ्या बायकांचे पैसे कापले गेले. तिला समजायला क्षणभर लागला. मग तिनं दोन्ही हातांनी खुर्ची धरली. ती हसेल असं मला वाटलं होतं. पण तिचा चेहरा, पहिल्या पायरीवर माझा असतो, तसा झाला.

"बाबा, आता खरंच बनवावा लागेल."

माझ्या हातातल्या फोनमधून ताईचा आवाज येतच होता. "अरे, आहेस का? इथं सगळ्या गोळा झाल्यात. ती बिचारी तर रडतेय. मी काय सांगू यांना?"

मी फोन मुलीच्या हातात दिला.