खांबावरचं मीठ

किस्से कसे साठतात सांगू? गिरणीच्या वाशांवर पीठ बसतं तसे. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी वासे परत पांढरे!

माझी पिठाची गिरण बुरोंडीच्या अलीकडे, समुद्र हाकेवर. ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमचे हे गेले आणि घरातली चार तोंडं त्या विजेच्या गिरणीवर आली. त्यातच खालच्या वाडीत डिझेलची गिरण सुरू झाली. माझ्याकडे लाइट गेली की बाया टोपल्या उचलून तिकडे! आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत कसलं येतंय? तरी माझी गिरण तगली, ती लाइटवाल्या माणसांमुळे. त्यांचे उपकार आठवायला बसले की आधी हसूच येतं.

* * *

थंडीच्या दिवसांत पहाटे लाइट हमखास जायची. वारा नाही, पाऊस नाही, तरी गुल! आमच्या वाडीतलाच गणू वायरमन होता. एकदा खांबावरून उतरला आणि ओलं फडकं माझ्या तोंडासमोर धरलं.

"काकी, जीभ लाव."

"मेल्या, कावळ्यांनी घाण केलेलं ते!"

"लाव तर खरी!"

लावली. खारट!

गणूने समजावलं. तारा ज्या चिनी मातीच्या वाट्यांवर टेकतात, त्यांच्यावर समुद्राचा वारा मीठ आणून बसवतो. कोरडं आहे तोवर ते गप्प. पहाटे दंव पडलं की त्याचं खारं पाणी होतं, आणि वीज तार सोडून वाटीवरून चालत खांबात शिरते.

"सगळ्या खांबांचं मीठ खरवडलं ना काकी, तर तुझं वर्षाचं लोणचं होईल!"

* * *

दापोलीच्या लाइटच्या ऑफिसात साहेब आले ते सोलापूरकडचे. पोरगेलेसे, मला मावशी म्हणायचे. त्यांनी ठरवलं, लाइन बंद करून सगळ्या वाट्या धुवून पुसायच्या. आमची अख्खी वाडी उत्साहाने पाणी भरायला धावली. जवळची विहीर खाडीकाठची. हंड्यामागून हंडे दिले.

दुसऱ्या पहाटे दंव पडलं आणि खांबाखांबावर निळ्या ठिणग्या. चुर्र, चुर्र! जणू कुणी तव्यावर बांगडे टाकलेत!

साहेब डोक्याला हात लावून बसले. "अरे, काल धुतलं का माखलं?"

गणू बोलला, "साहेब, त्या विहिरीचं पाणी आमची म्हस पण पीत नाही!"

"मग काल का नाही सांगितलंस?"

"तुम्ही धुवायला मागितलंत. प्यायला कुठं मागितलंत?"

* * *

गोडं पाणी बौद्धवाडीच्या विहिरीला. तिथली सुमनबाय माझी जुनी गिऱ्हाईक. ती हंडे घेऊन यायला लागली. तेव्हापासून रीतच पडली. आणणाऱ्याने नाही, दुसऱ्या कुणीतरी पाणी चाखायचं, मगच बादली दोरीने वर. चाखायचं काम साहेबांचं. ते तांब्याभर पिऊन ढेकर द्यायचे.

आमचे गुरवआबा देवळातून बघायचे आणि म्हणायचे, "खांबाला चालेल ते पाणी. आमच्या घशाला नको."

सुमनबाय ऐकायची आणि दुसरा हंडा आणायला जायची.

* * *

वाट्यांवर नुसतं मीठच नसायचं. खांबाखाली रुक्मी मासळी सुकवायची, कावळे वर बसायचे आणि वाट्या रंगवायचे. साहेब तिला समजवायला गेले. "बाई, तुमच्या मासळीमुळे कावळे येतात हो."

रुक्मी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग कावळ्यांना नोटीस द्या! मी त्यांना आवतान दिलं नव्हतं!"

जाताना मात्र तिने साहेबांच्या हातात सुक्या बोंबलांची जुडी कोंबली. दुसऱ्या दिवशी मासळी पलीकडच्या कातळावर.

* * *

एकदा भर माघात अवकाळी पाऊस पडला, धो धो. आंब्याचे बागवाले कपाळ बडवतायत आणि आमचे साहेब माझ्या ओट्यावर भिजत हसतायत!

एक बागवाला भडकला. "आमचा मोहोर गळला, आणि तुम्हाला हसू येतंय?"

साहेब ओशाळले. "माफ करा दादा. पण माझे सगळे खांब फुकटात न्हाले हो! नुसती भुरभुर येऊन मीठ भिजलं असतं तर तुमचा मोहोरही गेला असता आणि माझी लाइनपण!"

* * *

आता शिमग्याचं. त्या दिवशी माझी गिरण फिरली, हे आधीच सांगते. कशी फिरली ते ऐका.

पालखी घरोघर यायची होती, पोळ्यांचे गहू दळायचे होते. माझ्या ओट्यावर टोपल्यांची रांग, आणि दंवाने लाइट घालवली. दोघी तर डिझेलच्या गिरणीकडे निघाल्या.

साहेब पलीकडच्या टोकाला, बंद केलेल्या स्विचवर पहाऱ्याला उभे राहिले. गणू खांबावर चढला. पण पालखीला खांदा द्यायचा मान गणूच्या घराचा! तो वर, म्हणून पालखी खांबाखाली अडली. ढोल थांबले.

गुरवआबा ओरडले, "गण्या, देव खोळंबलाय!"

"देवाला सांगा, काकीची गिरण आधी! पाणी पाठवा!"

सुमनबाय हंडा घेऊन आली. तिच्या घरी शिमगा नव्हता, तरी आली.

गणू वरूनच विचारतो, "चाखलं कुणी?"

साहेब तर लांब. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. मी पुढे होणार, तेवढ्यात गुरवआबा सुमनबायसमोर जाऊन वाकले आणि ओंजळ धरली. तिने माझ्याकडे बघितलं, मग पाणी ओतलं.

आबा प्यायले. परत ओंजळ धरली, परत प्यायले. मग उपरण्याने तोंड पुसलं आणि मान वर केली.

"गोडं आहे रे गण्या! घे वर!"