तोयोकोची डबागाडी आणि पुलावरचा वारा

तोयोको सेगावा हिच्यावर त्या मोठ्या पुलावरून गाडी न्यायची वेळ कधी आलीच नव्हती. पूल ओलांडणं हे तिच्या नवऱ्याचं काम. इसामू पंचवीस वर्षं ट्रकवर होता. जपानच्या आवाजी नावाच्या बेटावरची कौलं भरायची, समुद्रावरचा तो चार किलोमीटरचा पूल पार करायचा, कोबेला उतरवायची आणि संध्याकाळी घरी. तोयोको त्सुई गावातल्या कारखान्यात ओल्या कौलांवर लोखंडी पट्टी फिरवून चकाकी आणायची. तिची छोटी पांढरी गाडी घर, कारखाना आणि बाजार एवढंच जग ओळखत होती. उंच, अरुंद, डब्यासारखी गाडी, आणि चाकं खेळण्यातली वाटावीत एवढी.

डिसेंबरात इसामूच्या घशात गाठ निघाली. कोबेच्या इस्पितळात तेहेतीस वेळा किरणोपचार घ्यायचे ठरले, शनिवार-रविवार सोडून रोज. पहिल्या आठवड्यात दोघं बसने गेली. औषधांनी त्याला मळमळायचं. एकदा भर बसमध्ये उलटी झाली, तेव्हा शेजारचे लोक मुकाट्याने उठून मागे गेले. आयुष्यभर ताठ बसलेला माणूस रुमालात तोंड लपवून बसला. त्याचा आवाज गेलेला होता आणि बोलायला मनाई होती, म्हणून खिशात वही असायची. घरी आल्यावर त्याने त्यात लिहिलं, "बस नको."

"मग मी नेते," तोयोको म्हणाली. त्या पुलावर तिने कधी गाडी घातली नव्हती. पण दुसरं कोण होतं? गोळ्यांनी इसामूला चक्कर यायची. त्याला स्टेअरिंगला हात लावायची बंदी होती.

जानेवारीत त्या सामुद्रधुनीवर पश्चिमेचा वारा पिसाळलेला असतो. सोमवारी हवा शांत होती, ती कशीबशी गेली. मंगळवारी पुलाच्या तोंडावरच्या फलकावर पिवळे आकडे झळकत होते : वारा सेकंदाला चौदा मीटर, वेग ऐंशीच्या आत. तिने डावीकडची सावकाश लेन धरली. वारा डावीकडून ढकलत होता, म्हणून तिने स्टेअरिंग डावीकडे दाबून धरलं. तेवढ्यात पुलाच्या मोठ्या मनोऱ्याचा आडोसा आला आणि वारा एकदम थांबला. दाबून धरलेली गाडी कठड्याकडे झेपावली. घाबरून तिने उलटं वळवलं, तोच मनोरा मागे पडला आणि वाऱ्याने पुन्हा थप्पड मारली. गाडी पट्टा ओलांडून मधल्या लेनमध्ये गेली. मागून ट्रकचा भोंगा किंचाळला. ट्रक इतक्या जवळून गेला, की त्याच्या चाकांच्या नटांवरचा गंज तिला दिसला.

इस्पितळाच्या आवारात गाडी उभी केल्यावरही तिचे हात स्टेअरिंगवरून सुटेनात. इसामूने एकेक बोट सोडवलं. मग वहीत लिहिलं, "तुझं काही चुकलं नाही. गाडी भरकटते."

"म्हणजे उद्यापण भरकटणार," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने स्वतःच उपाय शोधला. गाडी हलकी आहे म्हणून उडते, तर जड करावी. कारखान्यातून तिने तीस टाकाऊ कौलं आणली आणि गाडीच्या मागच्या भागात रचली. इसामू झोपला होता, त्याला पत्ताही नव्हता. बुधवारी पुलावर गाडी आणखीच नाचली. स्टेअरिंग फिरवलं तरी गाडीला जणू ऐकूच जात नव्हतं. गुरुवारी आणि शुक्रवारी ती ताशी पन्नासने गेली, मागे वाहनांची रांग, कपाळावर घाम, आणि शेजारी इसामू दाराची मूठ घट्ट धरून. रात्रभर तिला छताच्या पत्र्याची थरथर ऐकू येत राहिली.

शनिवारी सकाळी ती कामिनाकाच्या गॅरेजमध्ये गेली. कामिनाका इसामूचा जुना दोस्त, त्याच्या ट्रकचं सगळं काम त्यानेच केलेलं. सत्तरीचा माणूस, पण जिभेची धार तशीच.

मागचं दार उघडून तो बघतच राहिला. "तोयोको-सान, कौलं छपरावर घालतात. कोणी सांगितलं नाही का कधी?"

"गाडी जड व्हावी म्हणून..."

"जड झाली ना, शेपटाला! नाक वर आलं. पुढच्या चाकांवर भारच नाही, तर ती वळतील कशी? आधीच कपाटाला चाकं लावल्यासारखी गाडी, वर तुम्ही तिला मागच्या पायांवर उभी केलीत."

तिला हसू आलं नाही. "सोमवारी वारा असणार आहे, कामिनाका-सान. मी त्यांना घेऊन पडले तर?"

कामिनाका टोपी उलटी करून गाडीखाली शिरला.

खालून त्याचा आवाज येत राहिला. मागचे शॉकअप संपलेले, तेलाने ओले. टायर सात वर्षांचे, बाजू मऊ पडलेल्या, हवा कमी. पुढची चाकं कधीतरी फुटपाथला धडकून फाकलेली, म्हणून गाडी सरळ रस्त्यावरही वाट शोधत फिरते. छतावरचं रिकामं कॅरिअर वाऱ्याला आयतं सापडतं.

"आणि हिला पुढे स्टॅबिलायझर नाही," बाहेर येत तो म्हणाला. "म्हणजे दोन्ही बाजूंना बांधणारी लोखंडी दांडी. एक बाजू दबली की दुसरीला सोबत ओढते, गाडीला झुकू देत नाही. याच गाडीच्या महाग मॉडेलला असते. कोणाची तरी तशी गाडी मोडीत निघालेली असेल, तिची काढून आणू."

"सोमवारपर्यंत होईल?"

"दांडी मिळाली तर."

"नाही मिळाली तर?"

"तोयोको-सान, मला पाना तरी धरू द्या."

तो दिवसभर फोन करत होता. सुमोतो शहरातल्या भंगारवाल्याकडे तशी एक गाडी होती, पण तो माणूस रविवारी दुपारपर्यंत येणार नव्हता. रविवारी तोयोको गॅरेजच्या दाराशी दहा वेळा जाऊन आली. साडेतीनला दांडी आली. कौलं आणि कॅरिअर उतरवणं, नवे टायर, नवे शॉकअप, दांडी, चाकं सरळ रेषेत आणणं, सगळं होईपर्यंत दिवस कलला. मग कामिनाकाने तिलाच चालवायला बसवलं आणि किनाऱ्याच्या रस्त्यावर नेलं.

"मूठ सैल करा. पिल्लू धरल्यासारखं धरा, दोरखंड नव्हे. नजर बॉनेटवर नको, लांब ठेवा. आणि सत्तर. मागचे भुंकतील, भुंकू द्या."

"आता हलणार नाही ना?"

"हलणार. वारा काही मी दुरुस्त केला नाही. पण हलली की परत जागेवर येईल."

सोमवारी फलकावर सोळा मीटर होते. पूल खुला होता. मनोऱ्याची सावली पुढे दिसताच इसामूने तिच्या गुडघ्यावर टकटक केलं, एकदा, हलकेच. तिने मूठ सैल केली. वारा थांबला, गाडी डावीकडे वीतभर सरकली आणि थांबली. वारा पुन्हा आदळला, गाडी एका अंगावर कलली आणि लगेच सावरली. ट्रक शेजारून गेला, तेव्हा तिने श्वास रोखला होता, पण पट्टा ओलांडला नव्हता. पलीकडे उतरल्यावर तिला रडू कोसळलं. इसामूने लिहिलं, "पुढे बघ. सिग्नल आहे."

भीती गेली असं मात्र नाही. ती पहाटे उठून आधी समोरच्या झाडांचे शेंडे किती हलतात ते बघायची. फेब्रुवारीत एकदा पूलच बंद झाला. अर्ध्या वाटेवरून परतताना ती म्हणत राहिली, "एक दिवस चुकला, अहो, एक दिवस चुकला." नर्सने फोनवर सांगितलं, शेवटी एक दिवस वाढवू, काळजी करू नका. तिने ते ऐकलं, तरी त्या दिवशी तिच्या घशाखाली भात उतरला नाही.

उपचार संपले. मे महिन्यात तपासणीसाठी दोघं पुन्हा गेली. डॉक्टरांच्या दाराबाहेर बसलेली असताना तिचे हात पुलावर व्हायचे तसेच गार पडले होते. डॉक्टर म्हणाले, गाठ आता दिसत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. तिने दोनदा विचारलं, "दिसत नाही म्हणजे नाही ना?" डॉक्टर म्हणाले, "आज तरी नाही." तिला तो 'आज' नकोसा वाटला, पण तेवढाच हातात होता.

परतीच्या वाटेवर, पुलाअलीकडे त्यांनी गाडी थांबवून गरम सूप घेतलं. इसामू अर्धं प्यायला. मग घासलेल्या पत्र्यासारख्या आवाजात तो म्हणाला, "मी चालवू का?"

"नको."

"पंचवीस वर्षं गाडी चालवलीय या पुलावर."

"तुम्ही ट्रक चालवलात. ही गाडी फुंकरीने हलते, तुम्हाला तिची भीती नाही. मला आहे," असं म्हणून तोयोकोने सीट पुढे ओढली, आरसा नीट केला, आणि दोन ट्रक पुढे जाऊ देऊन सत्तरने डावी लेन धरली.