बलभीमअण्णांचा ओटीपी

बेंबळीच्या बलभीमअण्णांच्या घरात माणसं अकरा आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर एकच. तो अर्थातच अण्णांचा. गावात आधारचं शिबिर भरलं तेव्हा अण्णा टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले आणि म्हातारीपासून नातवापर्यंत प्रत्येकाच्या पुढं त्यांनी आपलाच नंबर घालायला लावला. "कारभार एका हातात पायजे. दहा हातांत गेला की घर फुटतंय," असं वर ऐकवलं. खरं तर दुसरा कसलाच कारभार त्यांच्याकडं उरला नव्हता. शेत धाकटा भाऊ बघायचा, म्हशी बायको बघायची. अण्णा मोबाईल बघायचे.

घरातल्या कुणाचंही सरकारी काम निघालं की आकडा अण्णांच्या खिशात वाजायचा. तो सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू पदरचं काही देताहेत.

धाकट्या भावाची दीपमाला धाराशिवला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत शनिवारी संपत होती. अर्ज गेला नाही तर पूर्ण फी भरावी लागणार होती आणि ती भरणं घराला झेपणारं नव्हतं. पोरगी घरी बसली की उजवायची, म्हणून अण्णांनी परंड्याकडचं एक स्थळही हेरून ठेवलं होतं.

गुरुवारी ती धाराशिवच्या सेवा केंद्रात बसली आणि तिनं घरी फोन लावला.

"अण्णा, ओटीपी आला का?"

"आलाय की. पर सांगणार न्हाय."

"का?"

"बँकवाले रोज बोंबलत्यात, फोनवर कुणालाबी सांगू नका म्हणून. तू दीपमालाच हायस कशावरून?"

"अवं, आवाज वळखंना का माझा?"

"आवाज आजकाल मशीनबी काढतंय. समोर ये, मग देतो."

बेंबळी गाठायला एसटीला पाऊण तास लागतो आणि ओटीपी दहा मिनिटांत मरतो. हे अण्णांना समजावण्यापेक्षा म्हशीला समजावणं सोपं होतं.

शुक्रवारी कॉलेज बुडवून ती आपल्या मोबाईलवर अर्ज उघडून पारावर अण्णांच्या समोर बसली. आकडा आला. अण्णांनी आधी पारावरच्या चौघांना ओटीपी म्हणजे काय ते सांगितलं, मग चष्मा शोधला, मग तो धोतराला पुसला. वाचायला घेईपर्यंत आकडा मेला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा वेबसाइटनंच उद्या या म्हणून सांगितलं.

"सरकारचं कामच असलं," अण्णांनी निकाल दिला आणि तंबाखू मळायला घेतली. "न्हाईतरी शिकून कुठं कलेक्टर व्हायचंय?"

दीपमालाचा बाप शेजारीच उभा होता. थोरल्या भावापुढं त्यानं आयुष्यात तोंड उघडलं नव्हतं.

शनिवारी ती पहिल्या गाडीनं गेली. केंद्रातल्या शिवप्रियानं सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "अगं, नंबर घरातलाच हाय म्हणालीस, म्हणून बोलले नाही. ओटीपी नसला तर अंगठा चालतो. ठेव इथं."

दीपमालानं अंगठा ठेवला. अर्ज गेला. पावती घेऊन ती तशीच शेजारच्या आधार केंद्रात गेली आणि तिथंही अंगठाच ठेवून अण्णांचा नंबर काढून स्वतःचा देऊन आली.

संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "आज तर ओटीपी आला न्हाय. अर्ज कसा गेला?"

"अंगठ्यावर."

अण्णा सातवी पास होते. सही येत नाही म्हणून बायकोला, सत्यभामाकाकूंना, त्यांनी तीस वर्षं चारचौघांत अंगठेबहाद्दर म्हणून हिणवलं होतं.

काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली. "दीपे, ते नंबर बदलायचं हापीस सोमवारी उघडं असतंय का गं? मलाबी यायचंय."

"कुणाला इचारून?" अण्णा गरजले.

"इचारायचं काय त्यात? अंगठा माझाच हाय की."

सोमवारी म्हातारीसकट घरातली सहा माणसं एसटीच्या थांब्यावर उभी होती. दीपमालाचा बापही होता, भावाकडं पाठ करून.

अण्णा पारावर होते. दुपारी त्यांचा मोबाईल वाजला. त्यांनी ऐटीत चष्मा लावला आणि रिचार्ज संपत आल्याचा कंपनीचा निरोप चौघांना मोठ्यानं वाचून दाखवला.