डब्याचं पथ्य

प्रोटीन पावडरचा तो पहिला डबा आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नगरच्या मेडिकलमधून आणला, आणि तिथंच सगळा घोळ झाला. मेडिकलमधून आलं म्हणजे औषध, आणि औषध म्हटलं की आमच्या घरात पथ्य आलंच. मी तेव्हा अकरावीत होते. कोल्हारला राहायचे आणि रोज पहाटे कालव्याच्या कडेनं पळायचे. तीन हजार मीटरला जिल्ह्यात पहिल्या दोघींत आलं तर विभागाच्या स्पर्धेला जायला मिळायचं. मला तिथं जायचंच होतं. खेळाचं सर्टिफिकेट पोलीस भरतीला उपयोगी पडतं, एवढं कुठूनतरी माझ्या कानावर आलं होतं आणि मी ते डोक्यात घट्ट धरून ठेवलं होतं.

डब्यावर दंड फुगवलेल्या एका गोऱ्या माणसाचं चित्र होतं. बाकी सगळा मजकूर इंग्रजीत. तो वाचायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. आत मापाचा प्लॅस्टिकचा चमचा होता, तो आण्णांना अगदीच पोरखेळ वाटला. त्यांनी आमटीची पळी काढली. "अंगी लागायला पायजे," म्हणाले. रोज अनशापोटी एक भरलेली पळी दुधातून घ्यायची. आणि पथ्य? वांगं बंद, ताक बंद, शेंगदाण्याची चटणी बंद. तुरीची डाळ वातूळ, मटकीची उसळ त्याहून वातूळ, म्हणून त्याही बंद. ताटात उरली भाकरी आणि दोडका. भाकरीही एकच, कारण ताकद तर डब्यातून येणार होती! ज्या खाण्यावर मी इतकी वर्षं पळत आले होते, तेच आम्ही सगळ्यांनी मिळून, मोठ्या मायेनं, माझ्या ताटातून काढून टाकलं.

दोन महिने मी हे निमूटपणे केलं. पोट सारखं गुडगुडायचं, पळताना पाय ओढल्यासारखे वाटायचे. आण्णा म्हणायचे, औषध लागू पडायला लागलं की असंच होतं. मीही मान डोलवायचे. इतकी खुळी मी.

शर्यतीच्या दिवशी उरलंसुरलं खेळाच्या सरांनी पुरं केलं. सर भूगोल शिकवायचे आणि उरलेल्या वेळात आम्हाला पळवायचे. माणूस भला, पण त्यांचाही पावडरवर भारी जीव. शिट्टी व्हायच्या पाच मिनिटं आधी त्यांनी माझ्या तळहातावर ग्लुकोजची पावडर ओतली, मूठभर, कोरडीच. वर पाणी मागितलं तर म्हणाले, "आत्ता नको, पोट जड होईल." सकाळी एका पळीऐवजी दोन पळ्या पोटात गेल्या होत्याच. पाचव्या फेरीत बरगडीखाली अशी कळ आली की मी वाकले. फक्कीच्या रेषेबाहेर जाऊन भडभडून ओकले. चव गोड आणि कडू. उरलेल्या फेऱ्या चालत पुऱ्या केल्या, सगळ्यांत शेवटी.

घरी जाताना आण्णा बराच विचार करून म्हणाले, "मात्रा कमी पडली."

ते ऐकून माझं डोकं असं फिरलं की आजही आठवलं तरी कानशिलं तापतात. ओकले मी, आणि हे म्हणतात कमी पडली!

बारावीचं वर्ष शाळा-कॉलेजच्या स्पर्धांचं माझं शेवटचं वर्ष होतं. यंदा नाही जमलं तर विभागाचं नाव काढायचं नाही. मी वाचनालयातून डिक्शनरी आणली आणि रिकाम्या डब्यावरचा मजकूर एकेक शब्द लावून वाचून वहीत उतरवला. एक माप, भरपूर पाण्यात किंवा दुधात, व्यायामानंतर. हे जेवणाऐवजी घ्यायचं नाही. वाढत्या वयाच्या मुलांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. पथ्याचा कुठं मागमूस नव्हता. मी वही घेऊन आण्णांसमोर बसले. त्यांनी ऐकून घेतलं आणि चिडले. "मेडिकलवाल्यापरीस तुला जास्ती कळतं व्हय?" आणि पुढच्या आठवड्यात आणखी मोठा डबा घेऊन आले.

मी ठरवलं, पावडर खायची नाही. भांडण करून काही उपयोग नव्हता, ते साखर कारखान्याच्या सकाळच्या पाळीला जाताना हुकूम सोडून जायचे आणि संध्याकाळी डबा उघडून बघायचे. मग आई पुढं झाली. रोज एक पळी पावडर ती दुसऱ्या डब्यात काढून ठेवायची आणि तो डबा डाळीच्या डब्यांमागं सारायची. मला म्हणाली, "तू जेव आन् पळ. त्येंचं मी बघते." मी डाळ खाल्ली, उसळ खाल्ली, शेंगदाण्याची चटणी लावून भाकऱ्या खाल्ल्या, दिवसभर पाणी प्यायले. संध्याकाळी आण्णा विचारायचे, "घेतलं का?" मी म्हणायचे, "हं." खोटं बोलायची लाज वाटायची. पण हरायचं नव्हतं, म्हणून लाज गिळली.

शर्यतीदिवशी सकाळी लवकर भाकरी खाल्ली, घोटघोट पाणी प्यायले. सरांनी ग्लुकोजचा पुडा पुढं केला तेव्हा हात पाठीमागं घेतले. चौथ्या फेरीपर्यंत मी पाचवी होते. मग एकेकीला गाठत गेले. शेवटच्या फेरीत छाती फुटेल असं वाटलं, पण पोट शांत होतं आणि पाय माझे होते. दुसरी आले.

आण्णांनी त्या दिवशी रजा काढली होती. नगरहून परतीच्या एसटीत त्यांना आनंद मावत नव्हता. शेजारच्या बाकावरच्या बाईंना त्यांनी सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "माझी पोरगी बी पळती. काय खायाला घालता हिला?"

"डबा हाय एक," आण्णा म्हणाले. "अनशापोटी द्यायचा, आन् पथ्य कडक पाळायचं. डाळ तर शिवू द्यायची न्हाई." बाईंनी पिशवीतून कागद काढला आणि नाव विचारलं.

गप्प बसले असते तर त्या दिवशी घरात सण झाला असता. पण ती पोरगी माझ्या डोळ्यांपुढं आली, कुठल्यातरी मैदानाच्या कडेला वाकलेली.

"आण्णा, मी औंदा एक चमचाबी खाल्ला न्हाई," मी म्हणाले. "समदा काढून ठेवलाय. डाळ खाल्ली, उसळ खाल्ली, तुमी बंद केलेलं समदं खाल्लं. आन् तुमाला रोज खोटं सांगितलं."

माझा आवाज मोठा निघाला. पुढच्या बाकावरच्यांनी वळून बघितलं. आण्णांचा चेहरा उतरला. चार माणसांत मी त्यांना खोटं पाडलं होतं. "एकबी न्हाई?" त्यांनी हळू विचारलं.

"एकबी न्हाई."

राहुरी मागं पडली. मग आण्णा त्या बाईंकडे वळले. "ताई, त्यो कागद ठिवून द्या," म्हणाले. "पोरीला पोटभर जेवू घाला. डाळ सुदीक."

माझ्याशी मात्र कोल्हार येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत, आणि मीही माफी मागितली नाही.